बसून खाल्लेली कालवं

माइलीस दार्तिगने आयुष्यभर लोकांना कालवं उघडून दिली, पण खुर्चीवर बसून, पुढ्यात भरलेली थाळी घेऊन, स्वतः एकदाही खाल्ली नव्हती. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिला सहासष्टावं लागलं होतं आणि आम्ही दोघी बोर्दोच्या नदीपलीकडच्या भागात, बास्तीदमधल्या आमच्या इमारतीत लिफ्टची वाट बघत उभ्या होतो. लिफ्ट बंद होती. ती बंद नसती तर हे बोलणंही झालं नसतं.

माइलीस गुजाँची, आर्काशोंच्या खाडीवरची. बापाची कालवांची शेती, घर म्हणजे किनाऱ्यावरची डांबर फासलेली झोपडी. शाळेतली पेन्सिल धरायच्या आधी तिच्या हाताला कालवाची सुरी बसली. मग बोर्दोत लग्न करून आली आणि तिथेच सगळं अडलं. कुठेही जा, कुणीतरी म्हणायचंच, "माइलीस खाडीकडची आहे, तिला येतं." नाताळात सासरी सगळे टेबलाभोवती आणि ही स्वयंपाकघरात मोरीपाशी, टोपली घेऊन. थाळ्या बाहेर जायच्या, हसणं आत यायचं. शेवटी फुटक्या शिंपल्यांतली चार-दोन उरायची, ती उभ्या उभ्या गिळायची आणि हात धुवायचे. नवरा फेर्नां माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो नुसता बसलेला असायचा. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी तिला ओळखते ती नदीकाठच्या लाँड्रीपासून. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, वाफ आणि चटके. मी शाळा चौदाव्या वर्षी सोडली. कायदा शिकले तो मालकांनी लावलेल्या नोटिसा वाचून. तिथे मी बायकांची संघटना उभी केली आणि कोणी काहीही म्हणो, आम्ही ती लढाई जिंकलो. लाँड्रीच्या दारात ठिय्या दिला होता. सगळ्या जमिनीवर बसलेल्या. पोलिसांनी उठा म्हटलं तरी ढिम्म. त्या अख्ख्या ठिय्यात उभी असलेली बाई एकच: माइलीस. सगळ्यांना कॉफी ओतत फिरत होती. मी ओरडले, "अगं बस ना, ठिय्या आहे हा!" तर म्हणाली, "बसते गं, एवढी किटली संपू दे." किटली काही संपली नाही.

अशा बाईने एक दिवस मला सांगितलं की तिला लग्नाची मागणी आली आहे.

मागणी घालणारा तळमजल्यावरचा गुलवेन केरमारेक. ब्रेतान्यचा माणूस, कांकालजवळच्या गावातला, जन्मभर इथल्या बसवर ड्रायव्हर, बायको वारलेली. भाडेकरूंच्या सभेला येतो, कधी बोलत नाही, पण खुर्च्या मांडायला आणि उचलायला थांबतो. अशी माणसं मी लक्षात ठेवते. माइलीस आणि तो दर रविवारी गारोनच्या काठाने चालायचे, एकमेकांना तुम्ही-तुम्ही करत. आमच्या संघटनेत पहिल्या दिवसापासून सगळ्यांना तू. पण माइलीसच्या घरची रीत वेगळी होती: तू म्हणायचं ते पोरांना, कुत्र्याला आणि नवऱ्याला. तर या गुलवेनने जिन्यात, हातात कांद्याच्या पातीची जुडी धरून तिला विचारलं की आपण रीतसर, नगरभवनात जाऊन, एकत्र राहायचं का. आणि वर म्हणाला की उत्तर सावकाश द्या, तोवर मला तू म्हणालात तरी चालेल.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, ते उत्तराबरोबरच येईल. आलं तर."

आणि मग तिने अट सांगितली. अट त्याला सांगायची नव्हती, फक्त मला. शहरात एक संध्याकाळ ठरवायची. पांढरी वाईन आणि कालवं. ती बसणार, खाणार आणि एकदाही उठणार नाही. संध्याकाळ सरेपर्यंत तो तिला उठवणार नसेल तर हो. उठावं लागलं तर नाही, मग रविवारचं चालणंही बंद. एकदा झालं तेवढं पुरे.

मी म्हटलं, त्याला नुसतं सुचवते. तिने माझा हात धरला. "आर्लेत, सांगितल्यावर कोणीही शहाण्यासारखं वागतं. तू तोंड उघडलंस तर तुझं-माझं संपलं."

माझ्या तोंडाची ख्याती तिला माहीत होती. तरीही तिने मलाच सोबत यायला सांगितलं. संपात वाटाघाटीला साक्षीदार असतो, तसा.

आता जागा ठरवणं आलं. आठवडा त्यात गेला आणि खरं सांगायचं तर लाँड्रीच्या ठिय्यानंतर इतकी मजा मला कशातच आली नव्हती. आधी मी धक्क्यावरचा तो नवा वाइन बार बघून आले. धक्का घासूनपुसून श्रीमंतांसाठी ठेवलाय, ते एक असो. तिथल्या पोरगेल्या माणसाने माझ्या पेल्यात दोन घोट ओतले आणि डोळे मिटून म्हणाला की या वाइनमध्ये ओल्या दगडाची आठवण आहे. मी म्हटलं, ओला दगड आमच्या भिंतीत आहे, घरमालक फुकट देतो. मग कालवं आली ती पाटीवर, तीन, वर कसला तरी फेस. पाटीवर मी अक्षरं गिरवली, कालवं नाही. उठून आले.

बाजारातल्या टपरीवर जावं तर तो सकाळचा मामला, आणि उभ्याने. माइलीसने ऐकताच मान हलवली. तिला संध्याकाळच हवी होती, दिवे लागलेले, चांगले कपडे, खुर्चीला पाठ.

शेवटी ठरलं ओदेतकडे. साँ-मिशेलच्या मनोऱ्यामागे ओदेतची खानावळ आहे. कागदी टेबलक्लॉथ, भिंतीवर बारका आरसा आणि दाराबाहेर, छपराखाली, कालवांचा ओटा. तिथे गास्तों उभा राहून उघडतो आणि खिडकीतून थाळ्या आत सरकवतो. ओदेत एके काळी आमच्याच लाँड्रीत, इस्त्रीवर. माइलीसला खिडकीलगतचं टेबल हवं होतं. म्हणाली, "दुसरं कोणी उघडतंय आणि मी बघतेय, एवढं एकदा व्हायला हवं." नोव्हेंबरचा शुक्रवार धरला. कालवं भरलेली असतात तेव्हा.

तयारी तर लग्नाच्या वर. निळा ड्रेस काढला, तो कमरेत सैल करून घेतला. मग ती माझ्याबरोबर जाऊन नखं रंगवून आली, लालभडक. लाँड्रीच्या चटक्यांचे आणि सुरीच्या जुन्या वारांचे डाग असलेले ते हात, त्यावर ती नखं. मी बघत राहिले तर म्हणाली, "रंगवलेल्या नखांनी सुरी धरवत नाही. हाही एक बंदोबस्त."

आणि गुरुवारी ट्रामवाल्यांनी संप जाहीर केला. शुक्रवारी सगळं बंद. त्यांच्या सभेत मंगळवारी पाठिंब्याचं जोरदार भाषण कोणी केलं होतं? मीच. माइलीस माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की तुला जगातले सगळे संप मिळोत. पुढे ढकलू या का, असं मी विचारलंसुद्धा नाही. संपामुळे जेवण पुढे ढकलणारी बाई मी नव्हे. म्हटलं, पूल आहे, पाय आहेत.

दगडी पुलावरून आम्ही तिघं निघालो. भरती होती, गारोन तपकिरी आणि फुगलेली, वाऱ्याने माइलीसचा ड्रेस शिडासारखा. गुलवेनने टाय लावला होता आणि काखेत एक पुडकं. मी विचारलं काय आहे. त्याने जरा लाजत सांगितलं, राईचा पाव आणि खारं लोणी. गावाकडून आलंय. कालवांबरोबर लागतं ना.

"खानावळीत घरचं लोणी घेऊन चाललात?" माइलीस म्हणाली.

"तुमच्याकडे खारं मिळत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

ती हसली. मला वाटलं, बरं चाललंय.

ओदेतकडे गर्दी होती. संपामुळे घरी जाता न आलेले लोक असतील तिथेच जेवायला बसले होते. आम्हाला खिडकीचं टेबल मिळालं. माइलीस बसली. कशी बसली म्हणाल तर लहान मूल झोपाळ्यावर बसतं तशी, दोन्ही हातांनी कडा धरून. नदीच्या वरच्या अंगाच्या मळ्यांतली पांढरी वाईन आली, थंडगार, पेल्याला घाम फुटलेला. तिने घोट घेतला आणि खुर्चीला पाठ टेकली. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

मग ओदेतची मुलगी गरम सॉसेजची थाळी ठेवून गेली. आमच्याकडची ती चपटी, जाळीदार चरबीत गुंडाळलेली, तव्यावरून उतरलेली. गुलवेनने थाळीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस तो, उठून थाळी उचलून ओदेतच्या मुलीला परत द्यायला निघाला. म्हणाला, हे दुसऱ्या कोणाचं दिसतंय, आम्ही कालवं सांगितली होती.

बाजूची दोन टेबलं खो-खो हसली. माइलीसच्या कानापर्यंत लाली चढली.

"केरमारेकसाहेब, बसा. बोर्दोत कालवांबरोबर हेच खातात."

"कालवांबरोबर डुक्कर?"

"तुमच्याकडे लोणी चालतं ना? ते काय समुद्रात पोहतं?"

तो बसला. थाळी त्याने पुन्हा मध्ये ठेवली, अगदी हळू, जणू ती चावेल. आम्ही थांबलो. सॉसेज निवायला लागलं तरी कालवांचा पत्ता नाही. कोणाच्याच टेबलावर नाही. मी खिडकीतून वाकून पाहिलं तर ओट्यावर बर्फ होता, कालवांच्या पेट्या होत्या, लिंबं होती, आणि माणूस नव्हता. गास्तों राहतो मेरीन्याकला, शहराच्या पार पलीकडे. ट्राम नाही तर गास्तों नाही. माझं मंगळवारचं भाषण असं फिरून माझ्याच ताटात आलं.

तेवढ्यात ओदेत स्वयंपाकघरातून बाहेर आली. घामाघूम, केस सुटलेले, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात ॲप्रन. माइलीसला बघून तिचा चेहरा उजळला. "माइलीस! अगं देवानेच पाठवली तुला. सगळी खानावळ अडलीय. तुला काय, अर्धा तास. जेवण माझ्याकडून."

आणि सुरी पुढे केली.

मी माइलीसचा हात बघितला. तो आपोआप निघाला. लाल नखं वगैरे सगळं विसरून, टेबलावरून सरकत सुरीकडे. कोणी सुरी पुढे केली की तो हात जायचाच, त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी ओदेतला काय काय सुनावलं ते सगळं इथे लिहीत नाही. खाडीकडची आहे म्हणून ती काय तुझी गुलाम आहे का, हिने नखं रंगवलीत ती तुझे शिंपले उपसायला का, इस्त्रीवरून उठून गल्ल्यावर बसलीस तर मालकिणींची भाषा किती लवकर आली गं, असं बरंच. ओदेतही काही कमी नाही. म्हणाली की संपाला टाळ्या कोणी वाजवल्या, माझ्या खानावळीचं नुकसान कोण भरणार, तू? सगळं गिऱ्हाईक माना वळवून बघत होतं. माइलीस मध्ये अडकली. "राहू दे गं, अर्धाच तास, मी करते," असं पुटपुटत ती उठायला लागली. अर्धी उठलीही.

"तुम्ही बसा," गुलवेन म्हणाला.

त्याने उठून ओदेतच्या हातातून सुरी घेतली. ॲप्रनही घेतला, टायवरच बांधला. मग आम्हा दोघींकडे न बघता ओदेतला म्हणाला, "मी कांकालकडचा आहे. कालवं म्हणजे आमचा घरचा व्यवसाय." आणि दार उघडून बाहेर ओट्यापाशी गेला.

माइलीस परत खुर्चीवर टेकली. तोंड अर्धं उघडं. मी तिच्या पेल्यात वाईन ओतली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. घरचा व्यवसाय वगैरे काही नव्हता. त्याचा बाप पाववाला होता. कालवं तो फक्त खात आला होता, आणि तीही उघडलेली. त्याला उघडता येत नाही हे आम्हाला पहिल्या कालवातच कळलं. त्याने सुरी घातली ती सरळ बिजागरीत, आणि पिळली. शिंपल्याचा तुकडा उडून लिंबांत पडला, पाणी सगळं बाहीवर. दुसऱ्याचे तीन तुकडे. तिसरं हातातून निसटून रस्त्यावर गेलं, तो वाकून शोधत बसला. खाडीवरच्या सात पिढ्यांनी कपाळाला हात लावला असता.

खिडकीच्या काचेआडून माइलीस हे सगळं बघत होती. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट.

"आर्लेत, मला धर."

"कशाला?"

"उठेन मी. नाही बघवत गं. त्या बिचाऱ्या कालवांनी काय केलंय?"

मी माझी जड पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि वर हात ठेवला. अट तिची, पण परीक्षा आता त्याची राहिलीच नव्हती. तो काही तिला उठवत नव्हता. तिला उठवत होता तो तिचा स्वतःचा हात. बाहेर गुलवेनने पुढचं कालव घेतलं, उघड्या तळहातावर, खाली फडकंसुद्धा नाही, आणि सुरीचं टोक सरळ स्वतःच्या अंगठ्याच्या दिशेने रेटायला लागला.

माइलीसने खिडकीची झडप धाडकन वर ढकलली. बसल्या जागेवरून, मान बाहेर काढून, खाडीवर होडीतल्या माणसाला हाक मारतात त्या आवाजात:

"अरे ए गुलवेन! बिजागरीत काय खुपसतोयस! फडकं गुंडाळ आधी हाताला! बोट कापून घेशील ना रे मूर्खा!"

गुलवेन सुरी धरून वळला.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं.

"म्हणालीस," मी आतून ओरडले. "आता 'म्हणालीस' म्हण, बाबा!"

माइलीसचा हात तोंडावर गेला, पण नखांआडून दिसायचं ते दिसतच होतं. तिला हसू फुटलं होतं. संध्याकाळ सरल्यावर, कॉफी झाल्यावर, शांतपणे उत्तर द्यायचं असं तिने ठरवलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं, घरून निघायच्या आधी मला म्हणून दाखवलं होतं. ते राहिलं बाजूला. "निसटलं," ती मला म्हणाली. "निसटलं गं तोंडून."

बाहेर गुलवेनने शहाण्यासारखं फडकं घेतलं, हाताला गुंडाळलं, आणि नवं कालव उचलून खिडकीपाशी आला. त्याचे कान लाल झाले होते.

"बरं," तो म्हणाला. "सांग मग. कुठून घालू?"

"उजवीकडून. कडा पातळ आहे ना, तिथून. अरे दाबू नकोस. हळूच हलव, ते आपणहून जागा देतं. हं. आता आडवी फिरव. बघ!"

उघडलं. पाणी जिथल्या तिथे. बाजूच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला की सासरेबुवा असते तर खूश झाले असते. ओदेत माझ्यावर रागावली होती तरी तिलाही हसू आवरेना. तिने येऊन आमच्या पुढ्यातलं निवलेलं सॉसेज उचललं, गरम आणते म्हणाली, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर एक चापट मारली. ती माफी होती की बदला, मला अजून कळलेलं नाही.

पहिली पूर्ण थाळी खिडकीतून आली ती माइलीससाठी. दिसायला भयंकर. अर्ध्यांच्या कडा फुटलेल्या, काहींत पाण्याचा थेंब नाही. तिने थाळी आपल्यासमोर सरळ केली. गरम सॉसेजचा तुकडा तोडला, खाल्ला, मग एक कालव उचलून ओठांशी नेलं, आणि वर वाइनचा घोट. गरम, गार, गार. सावकाश चावलं. जिभेवरून शिंपल्याचा कण काढून थाळीच्या कडेला ठेवला. मग दुसरं.

"कसं आहे?" गुलवेनने बाहेरून विचारलं. सगळी खिडकी त्याच्या तोंडाने भरली होती.

"वाईट आहेत," माइलीस म्हणाली. "आणखी आण."

तो आणत राहिला. आमच्यासाठी आणि मग सगळ्या टेबलांसाठी, ओदेतची अडलेली सगळी गिऱ्हाइकं. हात बसत गेला. माइलीस खुर्चीतूनच हुकूम सोडत होती, त्याला, ओदेतच्या मुलीला, शेवटी शेवटी मलाही. इतकी वर्षं ओळखते, पण हिला हुकूम सोडता येतात हे मला माहीत नव्हतं. संघटनेत कामाला आले असते. शेवटी पेट्या रिकाम्या झाल्या तेव्हा तो आत येऊन बसला, टाय खारट पाण्याने भिजलेला, आणि सॉसेज खाऊन बघितलं. आणखी एक तुकडा तोडला. मग तिला म्हणाला, हे एवढी वर्षं मला कोणी सांगितलं का नाही.

निघायची वेळ झाली. गुलवेनने तिचा कोट धरला. माइलीस उठायला गेली आणि परत खुर्चीत आदळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मला भीती वाटली, वाईन चढली की काय.

"वाईन नाही गं," ती पाय चोळत म्हणाली. "मुंग्या आल्यात. दोन्ही पाय गेले. इतका वेळ कधी बसलेच नाही ना."

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी तिला उभं केलं. दारापर्यंत ती लंगडत, हसत, आम्हाला लटकून आली. गुलवेन काळजीने विचारत होता, पूल चालून जायला जमेल का, थोडं थांबायचं का.

"जमेल," ती म्हणाली. "पण आता सवय करायला हवी. रोज थोडं थोडं बसेन. आणि उद्या तू कॉफी करशील."

"करीन की," तो म्हणाला. "मला कॉफीही येत नाही."

"शिकवेन," माइलीस म्हणाली, "बसून."